तहापेक्षा वीतभर लांब

गुरुवार, ९ सप्टेंबर. सकाळी धुके, दुपारी ऊन. पाहुण्यांच्या बंगल्यावरचे पडदे धुवायला टाकले. वरच्या न्हाणीघरातला नळ पुन्हा गळू लागला आहे. भावजींची नाव आज कारखान्याच्या फाटकावर अडवली आणि परत तीन नंबरच्या शेडमध्ये नेली. धाकटीला अजून कोणी सांगितलेले नाही. माझे लक्ष ठिकाणावर नव्हते, भाजी करपली.

त्या दिवसाची नोंद एवढीच. परवा धाकटीनं विचारलं, नाव अडवली तो वार कोणता होता हो, ताई? म्हणून वही काढली, आणि मग पुढची पानंही वाचत बसले. भावजींना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्याविषयी चार ओळी कोणीतरी नीट लिहायला हव्यात असं तेव्हाच मनात आलं होतं.

भावजी म्हणजे माझे दीर, आणि धाकटी त्यांची बायको, माझी जाऊ. भावजी कारखान्यात सुतार होते. तो कारखाना कसला हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी धाकटीनं त्यांना विचारलं, "तुम्ही तिथं करता तरी काय?"

"पेट्या."

"कसल्या?"

"लांब."

"लांब म्हणजे? पियानोच्या?"

"पियानोच्याच समज."

तेव्हापासून घरात पियानो हाच शब्द रूढ झाला. आज पियानोचं काम फार होतं, राजधानीहून पियानोवाले साहेब आलेत, वगैरे. "एवढे पियानो जगात वाजतात तरी कुठं?" असं धाकटी मुद्दाम विचारायची. भावजी जेवताजेवता मान वर न करता म्हणायचे, "वाजू नयेत, एवढंच बघायचं."

मग एके वर्षी आमच्या राष्ट्रानं आणि समोरच्या बड्या राष्ट्रानं तह केला. जन्मभर एकमेकांकडं डोळे वटारून बसलेले दोघं एका टेबलाशी बसले आणि आमच्या कारखान्यात व्हायची त्या जातीची सगळी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं मोडून टाकायची, पुन्हा करायची नाहीत, असं ठरलं. मोडतोड टीव्हीवर दाखवली तेव्हा सगळा शेजार आमच्या खोलीत जमला होता. पडद्यावर मोठी यारी, म्हणजे क्रेन, आली, पेटीचं झाकण उचललं गेलं, आतून ते पांढरं लांबलचक धूड बाहेर आलं. सगळे श्वास रोखून त्या धुडाकडं बघत होते. भावजी एकदम खुर्चीतून उठले आणि ओरडले, "अरे गाढवांनो, बिजागरी त्या बाजूला आहे!"

सबंध खोलीत हशा पिकला. धाकटी म्हणाली, "अगंबाई, हाच का तो पियानो!"

तहात आणखी एक कलम होतं, आणि आमच्या गावाचं आयुष्य बदललं ते त्या कलमानं. दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांची माणसं आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊन राहणार आणि आमची माणसं त्यांच्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन राहणार. आतून बाहेर काय जातं यावर दोघांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. फाटकातल्या रस्त्यावर दोन पांढऱ्या रेघा आखल्या होत्या. या दोन रेघांच्या मधल्या अंतरापेक्षा लांब असं जे काही बाहेर जाईल ते थांबवायचं, आणि पाहुण्यांनी ते आतून बघायचं. आखूड वस्तूंना कोणी विचारत नसे, कारण एवढ्याशा जागेत ते क्षेपणास्त्र मावलंच नसतं.

पाहुण्यांसाठी फाटकाजवळचा बंगला दिला होता. आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली होती, घर खायला उठायचं. पाहुण्यांची भाषा मला शाळेत सिस्टरांनी शिकवली होती, त्यामुळं बंगल्याची व्यवस्था बघायला मला घेतलं. राजधानीतला खरा दुभाषी पंधरवड्यातून एकदा यायचा. मधल्या दिवसांत माझ्यावरच भागवत.

पाहुण्यांची मुख्य होती एक ठेंगणी बाई, पन्नाशीची, बारमाही सर्दी झालेली. खिशात कायम पोलादी टेप. कारखान्यातल्या लोकांनी तिचं नाव मापबाई ठेवलं. आमची भाषा ती दोनच शब्दांपुरती शिकली होती, "थोडं थांबा", आणि ते ती ट्रकवाल्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांना ऐकवायची. तिच्या मागं मागं असायचे आमच्या सरकारचे एक साहेब. पाहुण्यांना एकटं सोडायचं नाही हीच त्यांची नोकरी. ती शिंकली तरी हे रुमाल शोधायचे. त्यांना सगळे सावलीसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागं.

आता नावेचं. आमच्या वसाहतीच्या खाली मोठं तळं आहे. त्याचा पलीकडचा काठ लष्कराचा होता. तिकडं जायचं नाही, बोट दाखवायचं नाही, फोटो काढायचा नाही. स्वयंपाक करताना खिडकीतून तो काठ रोज दिसायचा, आणि तिथं काय असेल यावर धाकटीनं आणि मी जितक्या गप्पा मारल्या तितक्या कशावरच मारल्या नसतील. मी म्हणायचे, तिथं बराकी असतील. ती म्हणायची, छे, तिथं बायकांचं राज्य असेल, म्हणून आपल्याला कळू देत नाहीत.

पण धाकटी पाण्याला भ्यायची. लहानपणी तिच्या पायाखालची होडी भोक पडून बुडाली होती. पाणी कमरेएवढंच होतं, तरी ती भीती गेली नाही ती नाहीच. धक्क्यावरसुद्धा ती उभी राहत नसे. लग्नाच्या नव्या नवलाईत भावजींनी एकदा तिला होडीतून फिरायला चल म्हटलं, तेव्हा तिनं टोला हाणला होता, "ज्या दिवशी तो पलीकडचा काठ उघडेल आणि तुम्ही बुडूच शकणार नाही अशी नाव कराल, त्या दिवशी येईन." थोडक्यात, सूर्य पश्चिमेला उगवेल त्या दिवशी.

तह झाला आणि काठ उघडला. रस्त्यावरचं फाटक अजून बंदच होतं, पण पाण्यावरची मनाई उठली. बातमी वाचली त्या संध्याकाळी भावजी तिच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "अर्धी अट सरकारनं पुरी केली. उरलेली अर्धी मी करतो."

धाकटीला पेच पडला. शब्द तर तिनंच दिला होता. "करा," ती म्हणाली, "पण बुडूच शकणार नाही अशी. जवळजवळ बुडणार नाही अशी चालायची नाही."

तीन नंबरच्या शेडमध्ये कधीच भरल्या जाणार नव्हत्या अशा पेट्यांचं लाकूड पडून होतं. परवानगी काढून भावजी कामाची सुटी झाली की तिथं थांबू लागले. पुढं आणि मागं दोन बंद कप्पे, आतून राळ ओतून सांधे बुजवलेले. त्यात हवा कोंडलेली, म्हणजे मधल्या भागात पाणी भरलं तरी नाव तरंगणार. कप्प्यांना एकही खिळा आरपार नाही, एकही भोक नाही. ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे, "वहिनी, सुईएवढंही भोक नाही हो. तिला सांगा."

"तुम्हीच सांगा की."

"मी सांगितलं तर ती म्हणते, सुतार आपल्या लाकडाला वाकडं म्हणेल का?"

शेड महिनाअखेर पाडायची होती. तेही तहातच होतं, ठरलेल्या दिवशी, दोन्हीकडच्या माणसांच्या देखत, आत जे असेल त्यासकट. नऊ तारखेला नाव ट्रॉलीवर चढली. नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, पहिल्या रेघेवर आली आणि मागचं टोक दुसऱ्या रेघेच्या पलीकडं उरलं. वीतभर.

"थोडं थांबा," मापबाई म्हणाली.

भावजींना वाटलं ती कौतुक करायला थांबवते आहे. ते टोपी काढून हसत उभे राहिले. मी तिचं म्हणणं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना.

"वहिनी, तिला सांगा, ही नाव आहे. तह क्षेपणास्त्रांचा आहे."

मापबाई म्हणाली, तह लांबीचा आहे. लांबी भरली की आत बघायचंच. मधला भाग मी बघितला, रिकामा आहे. दोन्ही टोकांचे कप्पे उघडून दाखवा.

"ते उघडत नाहीत. उघडू नयेत म्हणूनच केलेत!"

सावलीसाहेब पुढं झाले. "अहो मिस्त्री, वीतभराचाच प्रश्न आहे ना? नाळ वीतभर कापून टाका. पाच मिनिटांचं काम."

भावजींनी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. "साहेब, तुमचं नाक थोडं लांब आहे म्हणून कोणी कापलं का?"

हे मी मापबाईला सांगितलं नाही, पण साहेबांचा हात नाकाकडं गेला तो तिनं बघितलाच.

नाव परत शेडमध्ये गेली. संध्याकाळी बंगल्यावर चहा देताना मी मापबाईला जरा आडूनच म्हटलं, तो माणूस माझा दीर आहे, सरळ आहे, त्यानं ती बायकोसाठी केली आहे. ती नाक पुसत ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला ते दिसतं. पण इथं मी डोळेझाक केली, तर तिकडं आमच्या फाटकावर तुमची माणसंही डोळेझाक मागतील. आज नाव, उद्या आणखी काही. मी इथं जे करीन ते तिथं होणार. माझ्या जागी तुमचा माणूस असता तर त्यानं काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

अशा प्रश्नांना शाळेत सिस्टर फार छान उत्तरं द्यायच्या. मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

धाकटीला कळायचं ते कळलंच. तिनं भावजींना विचारलं, "त्यांना भोक पाडायचंय ना?"

"पाडू देणार नाही."

"पाडलंत तर मी बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते."

"माहीत आहे," भावजी म्हणाले. त्या आठवड्यात ते शेडमध्ये जायचे ते नुसते नावेला हात लावून परत यायचे.

तोड मापबाईनंच काढली. फाटकापासून थोड्या अंतरावर, कुंपणाच्या आतच, आग विझवायच्या पाण्याचा मोठा हौद आहे. नाव त्यात सोडा, ती म्हणाली. लाकूड किती, राळ किती, हे मिस्त्रींना माहीत आहे. नाव किती खोल बसते त्यावरून तिचं वजन कळेल. कप्प्यात लाकूड-राळेशिवाय काही जड असेल तर पाणी सांगेल. भोक पाडायला नको.

यासाठी दोन राजधान्यांची संमती लागली. तारांवर तारा गेल्या. नाव हौदात सोडावी काय, यावर दोन महासत्तांची खाती विचार करताहेत, हे भावजींच्या डोक्यात शिरत नव्हतं. "एवढ्या वेळात मी दुसरी केली असती," ते म्हणाले. पण संमती आली, आणि बावीस तारखेला यारीनं नाव उचलून हौदात ठेवली.

सुटीचा भोंगा झाला होता, तरी कोणी घरी गेलं नव्हतं. हौदाच्या कठड्याला माणसं लागून उभी. मला तर स्वतःचीच गंमत वाटत होती. त्या नावेत काही नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी टाचा वर करकरून बघत होते. नाव पाण्यात टेकली, डुलली, आणि स्थिर झाली. मापबाई वाकून बाजूवरच्या खुणा वाचू लागली. वजन बरोबर होतं. मग तिनं मान तिरकी केली, आणि मीही केली, आणि मग सगळ्यांनीच केली.

नाव डावीकडं कलली होती. फार नाही, पण डोळ्याला खुपेल इतकी.

कोणीतरी म्हणालं, "डावीकडं काहीतरी आहे बुवा."

"काय असणार? मी भरलंय का काही?" भावजी त्या माणसावर ओरडले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. आपण स्वतः केलेल्या वस्तूत काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही, अशा नजरेनं ते नावेकडं बघत होते. पुढं कितीतरी वर्षांनी ते मला म्हणाले, "वहिनी, त्या क्षणी मलाही वाटलं, असेल बुवा काहीतरी."

सावलीसाहेबांना घाम फुटला होता. मापबाई मात्र शेडकडं चालू लागली. तिच्यामागं साहेब, साहेबांमागं भावजी आणि मी. नाव जिथं तयार झाली त्या जागेवर ती उभी राहिली. बाजूला भावजींचं कामाचं टेबल होतं. त्याच्या डाव्या पायांखाली लाकडाच्या पाचरी होत्या. तिनं पलीकडच्या टेबलाकडं बघितलं, तिथंही डाव्या पायांखाली पाचरी. सगळ्या शेडमध्ये, प्रत्येक टेबलाला, प्रत्येक कपाटाला.

"हे का?" तिनं विचारलं. मी भावजींना विचारलं.

"टेबलं वाकडी आहेत. पेन्सिल घरंगळते. आल्या दिवसापासून लावतो आम्ही पाचरी."

"सगळी टेबलं वाकडी?"

"सगळीच. कारखान्याचं सामान, कसं असणार?"

मापबाईला हसू फुटलं. तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. हसताहसता ती भरभर बोलून गेली, "अहो, फरशी उताराची आहे! इंधन सांडलं तर एका बाजूला वाहून जावं म्हणून. आमच्याकडंही अश्शीच आहे, आणि आमचे सुतारही…" आणि ती थांबली. तिच्याकडच्या शेडची फरशी कशी आहे हे सांगायची तिला मुभा नव्हती.

सावलीसाहेब घाईनं मला म्हणाले, "बाई, या वाक्याचं तुम्ही भाषांतर करू नका."

"साहेब, तुम्हाला तर ही भाषा येत नाही असं तुम्ही सांगत होता."

साहेबांना एकदम खोकला आला.

"काय म्हणाली ती?" भावजी विचारू लागले.

"म्हणते, पाचरी छान बसवल्यात."

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मग खाली फरशीकडं. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि फरशीवर ठेवली. ती सावकाश निघाली आणि भिंतीकडच्या मोरीपाशी जाऊन थांबली. आख्खी नोकरी त्यांनी या फरशीवर काढली होती. दर टेबलाला पाचर ठोकली होती, आणि फरशीकडं बघायचं मात्र एकदाही सुचलं नव्हतं. पेट्यांना त्यानं काही फरक पडला नाही. पेट्यांत त्यांनी कधी काही ओतलं नव्हतं. नावेत राळ ओतली होती, आणि गरम राळ उताराकडं जाऊन साचली होती.

"म्हणजे कोड्याचं उत्तर मिळालं," मी म्हटलं. "आता लिहून टाका आणि सोडा नाव."

ते तितकं सोपं नव्हतं. नोंदीवर दोघांच्या सह्या लागत. नाव कलण्याचं कारण लिहायचं तर शेडची फरशी उताराची आहे हे लिहावं लागणार. सावलीसाहेब म्हणाले, शेडची रचना गुप्त आहे, आठवड्यानं पाडायची असली तरी आज गुप्त आहे. मी असल्या कागदावर सही करणार नाही. मापबाई म्हणाली, कारण लिहिलं नाही तर मला "कारण अज्ञात" असं लिहावं लागेल, आणि तसं लिहिलं की प्रकरण पुन्हा दोन राजधान्यांकडं जाईल. तोवर नाव परत शेडमध्येच ठेवावी लागेल, आणि शेड पडली की नाव तिच्याखाली.

दोघांनाही कारण ठाऊक होतं. दोघांनाही एकमेकांना ते ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. आणि दोघंही त्या शेडमध्ये नुसते उभे होते. साहेब बिचारे हळू आवाजात मला म्हणाले, "बाई, यात माझी नोकरी जाईल हो." मापबाई टेप ओढून सोडत होती, ओढून सोडत होती.

भावजी टेबलाशी गेले. खण उघडून त्यांनी भोक पाडायचं गिरमिट काढलं, त्याचं टोक अंगठ्यानं तपासलं, आणि हौदाकडं चालू लागले. मी मागं धावले. "भावजी, धाकटी काय म्हणाली ते आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग?"

"मग काय, वहिनी? नाव ढिगाऱ्याखाली गेली तर ती कशात न बसायची?"

नाव वर काढून ओंडक्यांवर ठेवली. पुढच्या कप्प्याच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या खुणेच्या वर, भावजींनी स्वतः गिरमिट लावलं. कोणाला हात लावू दिला नाही. लाकडाचा भुसा बाहेर पडत होता आणि ते दर दोन वेढ्यांना तो फुंकत होते. मागच्या कप्प्यालाही तसंच. मापबाईनं बारीक विजेरी आत धरली आणि डोळा लावला. बराच वेळ लावला. मग बाजूला होऊन तिनं भावजींना खुणावलं, तुम्ही बघा. त्यांनी बघितलं. मग साहेबांनी. मग मी. आत काळ्याभोर राळेचा एका बाजूला साचलेला गुळगुळीत ढीग होता, विजेरीच्या उजेडात ओल्या दगडासारखा चमकणारा. माझ्यामागं यारीवाला, फाटकवाला, भट्टीवाले, अशी रांगच लागली. प्रत्येक जण डोळा लावायचा आणि "अरेच्चा, राळच की" म्हणायचा, जणू त्याला दुसरं काहीतरी दिसायला हवं होतं.

आत बघितल्यावर कलण्याचं कारण लिहायची गरजच उरली नाही. नोंदीत लिहिलं, "आतून पाहिले. राळ." दोघांनी सह्या केल्या. भावजींनी दोन खुंट्या तासून, राळेत बुडवून, भोकांत ठोकल्या.

घरी ते सरळ स्वयंपाकघरात आले. मीही बरोबर होते. त्यांनी लपवाछपवी केली नाही. "भोकं पाडली," ते म्हणाले. "दोन. तुला दिलेला शब्द मोडला. नाव बाहेर आली आहे, पण तू बसणार नाहीस हे मला माहीत आहे."

धाकटी चाकू खाली ठेवून उभी राहिली. "त्या बाईनं पाडली?"

"मी पाडली."

"आत कोणी कोणी बघितलं?"

"सगळ्यांनीच. तिनं, साहेबांनी, वहिनींनी, यारीवाल्यानं…"

"आणि होतं काय?"

"राळ. माझीच. एका बाजूला साचलेली." मग त्यांनी फरशीचं सगळं सांगितलं, पाचरींसकट. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिनं मला विचारलं, "ताई, ती मापबाई कोणाची भीडभाड ठेवत नाही ना?"

"मांजराचीसुद्धा नाही."

"आपल्या बाजूनं खोटं बोलणार नाही?"

"ती कशाला आपल्या बाजूनं बोलेल? तिचा आपल्यावर विश्वासच नाही, म्हणून तर ती इथं आली आहे."

"मग बसते," धाकटी म्हणाली.

भावजींना कळेना. "अगं, पण भोक…"

"तुमच्या बंद कप्प्यात काय आहे हे आजवर फक्त तुम्ही सांगत होता," ती म्हणाली. "आणि तुम्ही तर वाकड्या फरशीला सरळ समजून बसला होता. आता वैऱ्यानं आत डोकावून सांगितलंय. मला ते पुरतं." एवढं बोलून तिनं पुन्हा चाकू उचलला. थोड्या वेळानं मागं न बघता म्हणाली, "पण खुंटीवर मी हात ठेवून बसणार."

त्या रविवारी आम्ही तिघं निघालो. नाव पाण्यावर डावीकडं कललीच. भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही उजवीकडं बसा. तुमच्या वजनाला आता आंतरराष्ट्रीय महत्त्व आहे." धाकटी धक्क्याच्या पायऱ्या उतरली, डोळे मिटले, पाय टाकला, आणि बसली. बसल्याबरोबर तिनं वाकून बाहेरच्या अंगाला हात लावला, खुंटी सापडेपर्यंत चाचपलं, आणि तळवा तिथं दाबून धरला. अर्ध्या तळ्यापर्यंत ती अशीच तिरकी, ओणवी, गाल काठाला टेकलेला. भावजी वल्ही मारत होते. मला तर हसू आणि रडू दोन्ही येत होतं.

मध्यावर तिनं डोळे उघडले. "अहो," ती म्हणाली, "हे पाणी हिरवं आहे. खिडकीतून तर काळं दिसतं."

"खोल आहे म्हणून," भावजी म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं हे बोलायला नको होतं. पण ती पाण्याकडं बघत राहिली. हात खुंटीवरच होता, पण दाबलेला नव्हता.

पलीकडच्या काठावर उतरलो. गवत छातीएवढं. सिमेंटचे चौथरे, भेगांतून झुडपं उगवलेली. एक गंजलेला जिना कुठंच न जाणारा. धाकटी सगळीकडं फिरली, जिन्याच्या वर चढून आली, चौथऱ्यावर पाय आपटून बघितला. "बायकांचं राज्य नाही," ती म्हणाली. "असतं तर एवढं गवत माजू दिलं नसतं." मग तिनं भावजींना विचारलं, "त्यांच्याकडंही असंच असेल का हो? असाच एक काठ, आणि समोर कोणीतरी स्वयंपाक करता करता बघणारं?"

भावजी म्हणाले, "असेल. मापबाईला विचारायला पाहिजे."

"ती सांगेल?"

"म्हणेल, थोडं थांबा."

परत येताना तिनं खुंटीवर हात ठेवला नाही. मी बघत होते म्हणून सांगते. मधे एकदा वारा सुटला तेव्हा हात तिकडं गेला होता, पण तिनं तो मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

वहीत त्या संध्याकाळचं असं आहे: रविवार, २६ सप्टेंबर. वारा बेताचा. तिघंही तळ्यापलीकडे जाऊन आलो. माझे बूट ओले झाले, आत कागद भरून ठेवले. बटाटे संपले, उद्या आणायचे.